गेरूचा कण काय सांगतो?

शाळेच्या आवारातील झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढण्याचा कार्यक्रम आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला असतो. ज्या मुलांनी गेरू कालवलेला असतो, त्यांच्या नखांतून तो पुढे दोन-चार दिवस जात नाही. तुळशीवृंदावन, मातीच्या कुंड्या, वारली घरांच्या भिंती अशा कितीतरी ठिकाणी हा रंग आपल्या डोळ्यांसमोर असतो. कोकणात आणि गोव्यात याच लाल मातीला काव म्हणतात. तेथील जुन्या देवळांच्या भिंतींवर दिसणारी कावी नक्षी याच मातीची.

इतकी साधी, स्वस्त आणि ओळखीची ही वस्तू. परंतु माणसाने हजारो वर्षांपूर्वी गुहांच्या भिंतींवर जी चित्रे काढली, त्यांतील लाल रंग बहुतेक ठिकाणी हाच आहे.

१८६७-६८ मध्ये आर्चिबाल्ड कार्लाइल हा ब्रिटिश संशोधक मिर्झापूरच्या बाजूला विंध्याच्या डोंगरांत फिरत होता. तेथील खडकांच्या आडोशांत त्याला लाल रंगात काढलेली चित्रे दिसली. जमिनीत खणल्यावर दगडाची बारीक हत्यारे मिळाली, आणि त्यांच्याबरोबर गेरूचे खडे मिळाले. त्यांतील काही खडे एका किंवा अनेक बाजूंनी घासून सपाट झालेले होते. खडा आपोआप असा घासला जात नाही. कोणीतरी तो दगडावर उगाळून रंग केला असला पाहिजे, हे त्याच्या ध्यानात आले. पण आपल्या शोधाचे सविस्तर वर्णन त्याने त्या वेळी प्रसिद्ध केले नाही. त्याच्या टिपणांतील हा मजकूर व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९०६ मध्ये छापला. तोपर्यंत युरोपात गुहाचित्रांवरून एक मोठा वाद होऊन संपलाही होता.

त्या वादापासून आजपर्यंत शास्त्रज्ञांनी रंगाच्या कणांना कोणते प्रश्न विचारले, कोणती उत्तरे मिळाली आणि त्यांतील कोणती पुढे बदलावी लागली, ते आपण पाहू.

ताजा रंग म्हणजे नवा रंग?

उत्तर स्पेनमधील आल्तामिरा येथे १८७९ मध्ये मार्सेलिनो सान्स दे साउतुओला हे गृहस्थ एका गुहेत उत्खनन करीत होते. त्यांचे लक्ष जमिनीकडे होते. बरोबर आलेल्या मारिया या त्यांच्या लहान मुलीने वर पाहिले, आणि तिला छतावर लाल-काळ्या रंगांतील जनावरे दिसली. ते बायसन होते, म्हणजे आपल्या गव्याचे दूरचे नातलग. साउतुओला यांनी १८८० मध्ये छोटी पुस्तिका छापून ही चित्रे अश्मयुगीन असल्याचे मांडले.

त्या काळच्या तज्ज्ञांनी ते मान्य केले नाही. त्यांच्या आक्षेपांतील दोन महत्त्वाचे होते. पहिला असा की, रंग इतके ताजे दिसतात, मग ते हजारो वर्षांचे कसे? दुसरा असा की, अंधाऱ्या गुहेत चित्रे काढायची तर दिवे हवेत, मग छतावर काजळी का नाही? चित्रे अलीकडे कोणीतरी काढली आहेत, असा निष्कर्ष निघाला आणि साउतुओला यांच्या प्रामाणिकपणाबद्दलच संशय घेतला गेला. १८८८ मध्ये ते वारले, तेव्हा हा डाग पुसला गेला नव्हता.

यातील पहिला आक्षेप आपण रसायनशास्त्राच्या अंगाने तपासू. गेरूला लाल रंग देणारा पदार्थ म्हणजे हेमटाइट, लोहाचे एक ऑक्साइड. लोखंडाची वस्तू उघड्यावर ठेवली तर ती गंजते, म्हणजे लोहाचा ऑक्सिजनशी संयोग होतो. हेमटाइटमध्ये हा संयोग पूर्ण झालेला असतो. हवेतील ऑक्सिजन त्याचे आणखी काही बिघडवू शकत नाही. झाडपाल्यापासून काढलेला रंग उन्हाने विटतो, कारण त्याचे मोठे, गुंतागुंतीचे रेणू प्रकाशाने मोडतात. हेमटाइटमध्ये मोडण्याजोगे असे काही नसते. गुहेत तर ऊन नसते, पाऊस नसतो आणि तापमानही फारसे बदलत नाही. तेव्हा रंग ताजा दिसतो यावरून तो नवा आहे असे म्हणता येत नाही. काजळीच्या आक्षेपाचे उत्तरही पुढे मिळाले. जनावराच्या हाडातील मगज किंवा चरबी जाळणारे दगडी दिवे फार थोडी काजळी धरतात, हे प्रयोग करून दाखवता आले.

मोआसाँ यांचे पृथक्करण

पुढे फ्रान्समध्ये एकामागून एक गुहा सापडत गेल्या. १८९५ मध्ये ला मूत या गुहेतील चित्रे जुन्या मातीच्या थरांनी बंद झालेल्या भागात मिळाली. १९०१ मध्ये फाँ-द-गोम येथील चित्रे उजेडात आली. १९०२ मध्ये आंरी मोआसाँ यांनी फाँ-द-गोमच्या चित्रांतील रंगाचे रासायनिक पृथक्करण केले. फ्लोरीन हे मूलद्रव्य वेगळे करणारे आणि पुढे १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे तेच हे मोआसाँ. त्यांना रंगात लोहाचे आणि मँगनीजचे ऑक्साइड मिळाले, शिवाय वाळूसारखे सिलिकाचे कण आणि चुन्याचे क्षार. त्याच वर्षी आल्तामिराच्या विरोधकांतील प्रमुख एमिल कार्तायाक यांनी आपण चुकलो होतो असे जाहीर लेख लिहून कबूल केले.

येथे वर्गात विचारण्यासारखा एक प्रश्न आहे. मोआसाँ यांच्या पृथक्करणाने चित्रांचे वय सिद्ध झाले का? नाही. गेरू आजही मिळतो, आणि लबाडी करणारा माणूसही गेरूच वापरू शकला असता. रंगात कारखान्यात तयार झालेला एखादा पदार्थ सापडला असता, तर चित्र नवे आहे हे नक्की ठरले असते. तो सापडला नाही, एवढ्यावरून चित्र जुने ठरत नाही. वय ठरले ते चित्रांना झाकून टाकणाऱ्या मातीच्या थरांमुळे आणि चित्रांवर साचलेल्या चुनखडीच्या पुटांमुळे. रंगाचा कण एका प्रश्नाचे उत्तर देतो, सगळ्या प्रश्नांचे देत नाही, ही गोष्ट या हकीकतीत पुन्हा पुन्हा भेटेल.

पिवळ्याचा लाल होतो

आपल्याकडे भिंतींना लावण्याची पिवळी माती, म्हणजे पिवडी, हीही लोहाचीच. तिच्यातील रंगद्रव्य गोथाइट. त्यात लोह आणि ऑक्सिजन यांच्याबरोबर हायड्रोजनही असतो. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की गोथाइटमधून पाणी निघून जाते आणि मागे हेमटाइट उरते. पिवळा खडा लाल होतो. साध्या चुलीत किंवा शेकोटीच्या राखेत एवढी उष्णता सहज मिळते.

मग गुहेतला लाल रंग जमिनीतून लाल असाच मिळाला, की कोणी पिवळी माती भाजून तो तयार केला? प्रश्न महत्त्वाचा आहे. मुद्दाम भाजला असेल तर त्या माणसांना आगीने पदार्थ बदलता येतो हे माहीत होते, आणि तेही मातीची भांडी भाजण्याच्या किंवा धातू वितळवण्याच्या कितीतरी आधी. पण दोन्ही प्रकारचे हेमटाइट रासायनिक दृष्ट्या एकच. साध्या पृथक्करणाने फरक कळत नाही.

येथे स्फटिकांची रचना उपयोगी पडते. गोथाइटमधून पाणी निघून जाताना कणात अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात आणि स्फटिकाची मांडणी थोडी विस्कळीत होते. क्ष-किरण विवर्तनात काही रेषा त्यामुळे रुंदावतात. पोकळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पिरेनीज पर्वतातील त्रुबा या गुहेतील लाल रंगांचा असा अभ्यास फ्रेंच संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात भाजलेल्या गोथाइटच्या खुणा मिळाल्या. मात्र रेषा रुंदावण्याची कारणे इतरही असू शकतात, असे पुढे दाखवले गेले. शिवाय शेकोटीखालची पिवळी माती अजाणताही भाजली जाते. म्हणून खडा कोठे सापडला, त्याच्या शेजारी काय होते, हे पाहिल्याशिवाय ‘मुद्दाम भाजला’ असे म्हणता येत नाही.

दोन काळे रंग

काळा रंग दोन वस्तूंपासून मिळतो. एक लाकडी कोळसा, दुसरी मँगनीजची ऑक्साइडे. डोळ्यांना दोन्ही सारखेच काळे दिसतात. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठा फरक आहे. कोळशात कार्बन असतो, आणि कार्बन-१४ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या मोजणीवरून लाकूड केव्हा तुटले ते काढता येते. मँगनीजच्या रंगात कार्बन नसतो. त्याचे वय या पद्धतीने कळणे शक्य नाही, आणि गेरूचेही नाही.

फ्रान्समधील शोव्हे गुहा १९९४ च्या डिसेंबरात सापडली. तेथील अनेक काळी चित्रे कोळशाची होती. त्यांतील सर्वांत जुनी सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची निघाली. इतकी सफाईदार चित्रे इतकी जुनी असतील असे कोणाला वाटले नव्हते. चित्रकला साध्यापासून हळूहळू सफाईकडे गेली हा समज त्यामुळे सोडावा लागला. याउलट लास्कोतील काळा रंग मुख्यतः मँगनीजचा. १९४० च्या सप्टेंबरात चार मुलांना सापडलेली ही गुहा जगप्रसिद्ध असूनही तिचे वय चित्रांवरून थेट मोजता आलेले नाही. ते गुहेतील इतर अवशेषांवरून, अंदाजे १७,००० ते २१,००० वर्षे असे, धरले जाते.

लास्कोच्या या काळ्या रंगाने शास्त्रज्ञांना एक धडा दिला. त्यात हाउसमनाइट नावाचे मँगनीजचे खनिज मिळाले. मँगनीजची साधी ऑक्साइडे सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवली तर हाउसमनाइट तयार होते. मग लास्कोच्या चित्रकारांना एवढी कडक आग साधता येत होती काय? हा निष्कर्ष मोहात पाडणारा होता. पण ग्रनोब्लच्या सिंक्रोट्रॉनमधील तीव्र क्ष-किरणांनी बारीक कण तपासले, तेव्हा त्या रंगांत ग्राउटाइट हे दुसरे खनिजही सापडले. ते थोड्याशा उष्णतेनेही टिकत नाही. म्हणजे या रंगाला आग लागलेलीच नव्हती. हाउसमनाइट निसर्गातही मिळते, पण थोड्या ठिकाणी. असे एक ठिकाण पिरेनीजमध्ये आहे, लास्कोपासून सुमारे २५० किलोमीटर दूर. आता प्रश्नच बदलला. रंग कसा भाजला याऐवजी रंग इतक्या लांबून कसा आला, कोणी आणला, हे विचारावे लागले. एका खनिजावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या खनिजाने खोडून काढला, आणि त्या खोडण्यातूनच दूरच्या प्रवासाची किंवा देवाणघेवाणीची शक्यता पुढे आली.

निओच्या पाककृती

पिरेनीजमध्येच निओ नावाची गुहा आहे. १९९० च्या सुमारास जाँ क्लोत, मिशेल मनू आणि फिलिप वाल्तेर यांनी तेथील रंगांचे टाचणीच्या टोकाएवढे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रंगद्रव्याबरोबर त्यांना इतर खनिजांची पूडही मिळाली. कुठे शंखजिरे, कुठे पोटॅशियम फेल्डस्पार, तर कुठे फेल्डस्पारबरोबर बायोटाइट हे काळे अभ्रक. घरातील सुगरण पीठ मळताना प्रमाण सांभाळते, तशा या ठराविक कृती होत्या. त्यांनी अशा चार कृती वेगळ्या केल्या. अशी पूड घातल्याने रंग पुरवठ्याला येतो, भिंतीला नीट धरतो आणि वाळल्यावर त्याला तडे कमी जातात, असे त्यांचे म्हणणे होते.

यातून वयाचा एक आडमार्ग निघाला. निओच्या समोरच ला व्हाश या गुहेत त्याच काळातील माणसांची वस्ती होती. तेथील थरांत अशाच मिश्रणांचे रंग लागलेल्या वस्तू मिळाल्या, आणि त्या थरांचे वय काढता येत होते. म्हणून कोणती कृती आधीची आणि कोणती नंतरची हे सांगता येऊ लागले. काही बायसनांच्या खनिज रंगाखाली आधी कोळशाने काढलेला कच्चा आराखडाही होता. निओतील दोन बायसनांच्या कोळशाचे वय कार्बन-१४ च्या मोजणीने १२,८९० आणि १३,८५० वर्षे आले. दिनदर्शिकेच्या हिशेबात ते याहून दोन-तीन हजार वर्षांनी जास्त भरते. एकाच सपाट्यात रंगवलेली वाटणारी चित्रे प्रत्यक्षात निरनिराळ्या पिढ्यांची होती.

येथेही सावधगिरी हवी. फेल्डस्पार माणसाने मुद्दाम मिसळला, की तो मूळ मातीतच होता, की खडकावरून आला, हे प्रत्येक गुहेत नव्याने तपासावे लागते. निओतील ‘पाककृती’ सगळीकडे लागू करता येत नाहीत.

रंग कशात कालवला होता, हे कळणे आणखी अवघड असते. चरबी, रक्त किंवा वनस्पतींचा चीक असे सेंद्रिय पदार्थ जीवाणू खाऊन टाकतात. क्वचित नशीब साथ देते. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोम्बोस गुहेत २००८ मध्ये दोन मोठे शिंपले मिळाले. त्यांत गेरू, कोळसा आणि हाडांच्या मगजाचे अंश एकत्र कालवलेले होते, आणि शेजारी वाटण्याचे दगड होते. हा रंगकामाचा सरंजाम सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचा आहे.

नमुना घेण्याची किंमत

या सर्व अभ्यासाला एक किंमत आहे. नमुना घ्यायचा म्हणजे चित्राचा कण काढून घ्यायचा, आणि तो परत बसवता येत नाही. पूर्वी कार्बन-१४ मोजण्यासाठी ग्रॅमभर कार्बन लागे. एवढा काढायचा तर चित्रच जायचे. प्रवेगकाच्या साहाय्याने अणू मोजण्याची पद्धत आली आणि एका मिलिग्रॅमहून कमी कार्बन पुरू लागला. त्यामुळेच १९९० नंतर आल्तामिरा आणि निओ येथील चित्रांचे वय थेट काढता आले.

आता हातात धरण्याजोगी क्ष-किरण उपकरणे आणि रामन वर्णपटमापक गुहेतच नेतात आणि चित्राला स्पर्श न करता मोजमाप घेतात. रूफिन्याक गुहेतील मॅमथांचा काळा रंग मँगनीजचा आहे हे असेच कळले. तेथून कोळशासाठी नमुना खरवडण्याचे कारणच उरले नाही. कार्बन नसलेल्या रंगांसाठी वर साचलेल्या चुनखडीच्या पुटातील युरेनियम आणि थोरियम यांचे प्रमाण मोजतात. पूट चित्रावर असते, म्हणून चित्र निदान तेवढे तरी जुने. स्पेनमधील एल कास्तियो गुहेतील एक लाल तबकडी या रीतीने निदान ४०,८०० वर्षांची ठरली, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील हाताचा एक ठसा निदान ३९,९०० वर्षांचा असल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. गुहाचित्रे ही युरोपचीच मक्तेदारी नव्हती, हे त्यामुळे स्पष्ट झाले. २०१८ मध्ये स्पेनच्या तीन गुहांतील खुणा ६४,००० वर्षांहून जुन्या, म्हणजे निअँडरथल माणसांच्या, असा दावा झाला. त्यावर अनेक संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत.

संशोधकांपेक्षा मोठे नुकसान मात्र प्रेक्षकांकडून झाले. लास्को १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. हजारो माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांमुळे भिंतींवर शेवाळ आले, चुनखडीचे पूट धरू लागले, आणि १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. हजारो वर्षे टिकलेल्या चित्रांना पंधरा वर्षांत धोका निर्माण झाला.

आपल्या अंगणात

आता पुन्हा विंध्याकडे येऊ. भोपाळजवळची भीमबेटका येथील शैलाश्रयांची चित्रे उजेडात आणली ती उज्जैनचे मराठी भाषक पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी, १९५७ मध्ये. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तेथे उत्खनने केली. २००३ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आले.

येथील बहुतेक चित्रे लाल आणि पांढऱ्या खनिज रंगांत आहेत. म्हणजे लास्कोची अडचण येथेही आहे. एकावर एक काढलेल्या चित्रांतील वरचे कोणते आणि खालचे कोणते, काढण्याची पद्धत कशी आहे, जमिनीतील थरांत रंगाचे खडे कुठे मिळतात, यांवरून क्रम लावावा लागतो. कार्लाइलने पाहिलेल्या घासलेल्या खड्याचे मोल येथे समजते. भिंतीवरच्या चित्राला तारीख नसते. जमिनीतल्या खड्याला थर असतो, आणि थराला वय असते. तो खडा कोणी सहज उचलून खिशात टाकला, तर खडा उरतो पण त्याची साक्ष जाते.

आपल्याकडे शैलचित्रे उघड्यावर असल्याने फिकी दिसतात. ती उठून दिसावीत म्हणून पाणी शिंपडण्याची सवय अनेकांना असते. पाण्याने चित्र क्षणभर उजळते, पण विरघळलेले क्षार वाळताना रंगावर पांढरे पूट धरतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. सहलीला जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एवढे जरी सांगितले तरी पुष्कळ झाले.

वर्गात करून पाहा

१. चिमूटभर पिवडी लोखंडी पळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर पाच-दहा मिनिटे तापवा. रंग तांबूस होत जाईल. थंड झाल्यावर मूळ पिवडीशेजारी ठेवून पाहा. बाजारातील पिवडीत कृत्रिम रंग मिसळलेला असेल तर ती लाल न होता काळपट पडेल. तीही एक परीक्षाच आहे.

२. कोळशाची पूड आणि प्रयोगशाळेतील मँगनीज डायऑक्साइड दोन वेगळ्या परीक्षानळ्यांत घ्या. दोन्हींत थोडे विरल हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. कोठे जोराने बुडबुडे येतात? दिसायला सारखे असलेले दोन काळे पदार्थ ओळखण्याचा हा सोपा मार्ग आहे. ही पूड एकत्र करून तापवू नका.

३. गेरू नुसत्या पाण्यात, तेलात, अंड्याच्या पांढऱ्यात आणि डिंकाच्या पाण्यात कालवून एकाच दगडावर चार पट्टे ओढा. शेजारी हळदीचा एक पट्टा ओढा. दगड उन्हापावसात ठेवून दर आठवड्याला नोंद करा. हळदीचे काय होते आणि गेरूचे काय होते, याची कारणे मुलांनाच शोधू द्या.

नोंदी झाल्या की मुलांना साउतुओला यांची गोष्ट सांगावी आणि विचारावे: १८८० मध्ये तुम्ही परीक्षक असता, तर ‘रंग ताजा आहे’ हा आक्षेप तुम्ही मान्य केला असता का? नसता, तर तो खोडून काढायला तुम्ही कोणता प्रयोग केला असता? उन्हात ठेवलेला तो दगड तेव्हा त्यांच्या समोर असेल.